नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही

पुण्यातल्या कंत्राटदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वाघोली, हिंजवडी, चाकणच्या साइटवरची माणसं तो खरा मानून चालताहेत. त्यात म्हटलंय: तोंडी सांगितलेल्या कामाचेही पैसे मिळतात, व्हॉट्सअॅप चॅट हा पक्का पुरावा, वकिलाची नोटीस गेली की दावा लावण्याची मुदत थांबते आणि ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे सगळा हिशेब मिटल्याच्या कागदावर, सही केली तरी नंतर दावा लावता येतो. प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच मेसेज घातक आहे.

सगळ्यात जास्त नुकसान नोटिशीच्या वाक्यानं होतं. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. थकबाकीच्या नोटिशीनं ही मुदत वाढत नाही, बिल्डरच्या ‘पुढच्या महिन्यात बघू’ या फोननंही नाही. मुदत संपायच्या आत त्यानं बाकी लेखी, सहीनिशी मान्य केली तर तिथून नवी मुदत मिळते. म्हणून दरवर्षी मार्चअखेर बाकीच्या रकमेवर सही घ्या. करारात लवादाचं (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या लवादानं सोडवायचं) कलम असेल, तर वाद लवादाकडे नेण्याची मागणी करणारी नोटीस समोरच्याला पोचली की कार्यवाही सुरू झाली असं धरतात. मेसेजमध्ये बहुधा या दोन नोटिशींची गल्लत झालीय. आणखी एक: ३ लाख किंवा त्यावरचा बांधकामाचा दावा व्यावसायिक वादात मोडतो. कोर्टाकडून तातडीचा आदेश नको असेल, तर शिवाजीनगरच्या कोर्टात दावा दाखल करण्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो.

तोंडी करार बेकायदा नाही. पण साइट इंजिनिअर गच्चीवर उभ्या उभ्या सांगतो, ‘वॉटरप्रूफिंगचा अजून एक कोट मारून टाका, आरए बिलात (चालू कामाच्या बिलात) घेऊ.’ वर टाइल्स बसल्या की मोजणार काय? त्याच संध्याकाळी जागा, लांबी-रुंदी, रेट आणि कोणी सांगितलं हे लिहून सही घ्या. जादा कामाला लेखी मंजुरी हवी असं करारात असेल, तर इंजिनिअरची सहीही पुरत नाही. ज्याला मंजुरीचा अधिकार आहे त्याला मेल टाका, आणि उत्तर आल्यावरच माणसं लावा.

चॅट पुराव्यात येतं, पण स्क्रीनशॉटची नुसती प्रिंट चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या खोतकर निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०२० सालीच, जुन्या कायद्याखाली, ते सक्तीचं ठरवलं होतं. मूळ फोन कोर्टात हजर केला तर गोष्ट वेगळी. तेव्हा जुना फोन विकू नका.

‘फुल अँड फायनल’वरची सही दबावाखाली घेतली असेल तर दावा टिकू शकतो, पण ‘दबाव होता’ एवढं म्हणून भागत नाही. चेक वटवून सहा महिने गप्प बसलात तर कोण मानेल? लेखी हरकत त्याच आठवड्यात जायला हवी.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्टही सांगायलाच हवी. दोघा भावांची भागीदारी फर्म नोंदवलेली नसेल, तर करारावर फर्मला दावाच लावता येत नाही. दावा दाखल झाल्यावर नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही. नव्यानं लावावा लागतो, आणि तोवर ती ३ वर्षं संपलेली असू शकतात.