जगात कुठूनही माणूस घ्या, म्हणे!

एक दावा गेली काही वर्षं फॉरवर्ड होत होत आता जवळपास सुविचार झाला आहे. थोडक्यात तो असा : कौशल्यांची टंचाई वगैरे काही नसते, तुम्ही माणसं फार जवळ शोधता म्हणून ती सापडत नाहीत. लॅपटॉप आणि इंटरनेट असलेला जगातला कुणीही उद्यापासून तुमच्याकडे कामाला लागू शकतो. माणूस तयार मिळतो, त्यामुळे शिकवायची कटकट नाही. काम चोवीस तास चालतं, खर्च निम्मा होतो, आणि कायद्याचं बघायला कंपन्या आहेतच.

मी स्वतः बरीच वर्षं दूर बसलेल्या माणसांबरोबर सॉफ्टवेअरचं काम करते आहे. त्यातली काही माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत. त्यामुळे रिमोट कामाशी माझं वैर नाही. पटत नाही ते ‘टंचाई संपली’ हे.

‘टंचाई नसतेच, शोधायचं क्षेत्र लहान असतं’

आधी विचारायला हवं, टंचाई कशाची? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगाला सुमारे १ कोटी १० लाख आरोग्य कर्मचारी कमी पडतील. सलाईनची सुई दुसऱ्या खंडातून टोचता येत नाही. टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीनं जुलै २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या पहिल्या कारखान्याचं उत्पादन २०२४ वरून २०२५ वर ढकललं. यंत्रं बसवायला लागणारी अनुभवी माणसं तिथे पुरेशी नाहीत, हे कारण दिलं गेलं. मग तैवानहून तंत्रज्ञ धाडायचं ठरलं, विमानानं. व्हिडिओ कॉलवर होणारं काम असतं तर तिकिटं कुणी काढली असती?

शिकागो विद्यापीठातल्या जोनाथन डिंगेल आणि ब्रेंट नीमन यांनी २०२० मध्ये हिशेब मांडला होता, की अमेरिकेतल्या साधारण ३७ टक्के नोकऱ्याच पूर्णपणे घरून करता येण्यासारख्या आहेत. गरीब देशांत हे प्रमाण आणखी खाली येतं. शिवाय घरून करता येणारं प्रत्येक काम परक्या देशातून करता येतंच असंही नाही. म्हणजे उरलेल्या मोठ्या हिश्श्याला हा दावा शिवतही नाही.

‘माणूस तयार मिळतो’

हा मुद्दा सगळ्यात गोड आहे आणि सगळ्यात जास्त फसवतो.

मी एका बिलिंगच्या टीममध्ये होते. माणसं मिळत नव्हती म्हणून आम्ही दोन वेगळ्या देशांतून दोन इंजिनियर घेतले. दोघंही उत्तम. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकानं उशिरा पैसे भरणाऱ्यांच्या दंडाचा भाग नव्यानं लिहिला. कोड स्वच्छ, सगळ्या टेस्ट पास. महिनाअखेरीला बिलं गेली आणि फोन वाजायला लागले. फार जुन्या ग्राहकांच्या एका गटाला दंड लावायचा नाही असं कधीकाळी ठरलं होतं. ते ना कोडमध्ये नीट होतं, ना कुठल्या कागदावर. ते होतं आमच्या एका सहकाऱ्याच्या डोक्यात, जो त्या टीममध्ये नऊ वर्षं होता. जुन्या कोडमध्ये त्यानंच एक विचित्र दिसणारी अट घालून ठेवली होती. नव्या माणसानं ती अडगळ समजून काढली. मीही तेच केलं असतं.

आता सांगा, टंचाई कशाची होती? कोड लिहिण्याच्या कौशल्याची नव्हतीच. टंचाई होती त्या सहकाऱ्याच्या वेळेची. दोन माणसं आल्यावर ती मिटायच्या ऐवजी वाढली, कारण त्याचा अर्धा दिवस आता त्या दोघांच्या प्रश्नांत जायला लागला. नोकरीच्या जाहिरातीतली टंचाई त्याच्या कॅलेंडरवर जाऊन बसली एवढंच.

दुसरं असं, की ‘तयार’ माणूस कुणीतरी कुठेतरी तयार केलेला असतो. नताल्या इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस या अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनियर्सचा अभ्यास केला. टीममधले लोक एकाच इमारतीत बसत तेव्हा एकमेकांच्या कोडवर जास्त शेरे पडत, आणि त्याचा फायदा सर्वाधिक व्हायचा तो नवख्यांना. २०२० मध्ये ऑफिसं बंद पडली तेव्हा हा फरक जवळपास नाहीसा झाला. त्याच अभ्यासात याची किंमतही दिसते : शेजारी बसून शिकवणाऱ्या सीनियर लोकांचं स्वतःचं काम कमी होतं. मॅनेजरच्या तक्त्यात ही घट दिसते. नवखा शिकला, हे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. मग शिकवणं टाळून बाहेरून सीनियर आणायचा मोह होतो, आणि सगळ्यांनी तेच केलं तर काही वर्षांनी आणायला सीनियर कुठून येणार?

यावर हमखास गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव पुढे येतं. खरंच आहे, ती कंपनी साठाहून अधिक देशांतल्या माणसांवर चालत आली आहे. पण तिची कार्यपुस्तिका छापली तर दोन हजार पानांच्या वर जाते, आणि ती कुणालाही वाचायला खुली आहे. सुट्टी कशी घ्यायची इथपासून निर्णय कुणी घ्यायचा इथपर्यंत सगळं लिहिलेलं. म्हणजे हे यश भरतीइतकंच लिहून ठेवण्याच्या सवयीचं आहे, आणि ही सवय विकत मिळत नाही.

‘काम चोवीस तास चालतं’

दोन टीममध्ये साडेनऊ तासांचा फरक आहे असं धरा. एकीकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा दुसरीकडे सकाळचे साडेआठ. दोघांची वेळ नऊ ते सहा असेल तर सामाईक वेळ शून्य. पलीकडच्यानं सकाळी काम उघडलं, अकराच्या सुमारास अडला : ‘परतावा अर्धवट दिला असेल तर कर कोणत्या रकमेवर धरायचा?’ ज्याला हे माहीत आहे त्याच्याकडे रात्रीचे साडेआठ झालेत, लॅपटॉप मिटलाय. उत्तर दुसऱ्या दिवशी. त्या उत्तरातून दुसरी शंका, तिचं उत्तर तिसऱ्या दिवशी. शेजारच्या खुर्चीत दहा मिनिटांत संपणारं बोलणं आठवडा खातं.

ग्राहकांच्या तक्रारी किंवा सर्व्हरवरचा पहारा, जिथे प्रत्येक काम सुटं असतं, तिथे पाळ्या उत्तम चालतात. बाकी ठिकाणी एकच घडतं : कुणीतरी रोज रात्री जागतं, आणि हा ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा नवा, दूरचा आणि नाही म्हणायला बिचकणारा असतो. (त्यातून मार्च आला की अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत कोण कुठल्या मीटिंगला येईल ते देवच जाणे.)

‘कायद्याचं बघायला कंपन्या आहेतच’

आहेत. तुमच्या वतीनं त्या देशात माणसाला कागदोपत्री नोकरीवर ठेवतात, पगारपत्रक काढतात. चांगली सोय आहे. पण जबाबदारीचं बिल शेवटी तुमच्याकडेच येतं. नेदरलँड्समध्ये कर्मचारी आजारी पडला तर मालकाला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो. फिलिपिन्समध्ये तेराव्या महिन्याचा, म्हणजे वर्षाला एक जादा, पगार १९७५ पासून कायद्यानं सक्तीचा आहे. पोर्तुगालनं २०२१ च्या कायद्यानं, तातडीचं कारण नसेल तर, कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क करायला मालकाला मनाई केली. आता वरचं रात्री साडेआठचं गणित पुन्हा आठवा.

‘मग कंत्राटी ठेवू’ हा शॉर्टकटही जुना आहे. वर्षानुवर्षं कर्मचाऱ्यासारखंच काम करणाऱ्या माणसांना कंत्राटी म्हटल्याबद्दल मायक्रोसॉफ्टला २००० मध्ये ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड करावी लागली होती, आणि तेही स्वतःच्याच देशात. शिवाय तुमचा माणूस तिथे बसून नेहमी तुमच्या वतीनं करार पक्के करत असेल, तर तो देश तुमच्या कंपनीचं तिथे कायमस्वरूपी आस्थापन, म्हणजे जणू शाखाच, धरून नफ्यावर कर मागू शकतो. पगारपत्रक दुसऱ्यानं काढलं म्हणून हा धोका टळत नाही.

‘खर्च निम्मा’

पहिल्या वर्षी, कदाचित. ज्याच्यासाठी जगभरातून मागणी आहे त्याला जगातला भाव माहीत असतो.

दावा करणारे एका गोष्टीबद्दल मात्र गप्पच असतात. पडद्यापलीकडे नेमकं कोण आहे? जुलै २०२४ मध्ये नोबीफोर या अमेरिकी कंपनीनं स्वतःच जाहीर केलं, की चार व्हिडिओ मुलाखती आणि पार्श्वभूमी तपासून घेतलेला त्यांचा नवा इंजिनियर चोरलेल्या ओळखीवर आलेला उत्तर कोरियाचा माणूस निघाला. कंपनीचा लॅपटॉप पोचताच त्यावर घातक सॉफ्टवेअर चढवायला सुरुवात झाली, आणि त्यावरूनच तो पकडला गेला. कंपनीचा धंदा काय, तर फसवणूक कशी ओळखावी याचं प्रशिक्षण देणं! कंपनीच्या समजुतीनं तिनं अमेरिकेतलाच माणूस घेतला होता. चुकून झालेली आंतरराष्ट्रीय भरतीच म्हणा ना.

आमच्या बिलिंगच्या टीममध्ये पुढे काय झालं? तिसरी जागा आम्ही तीन महिने रिकामी ठेवली. तेवढ्या वेळात त्या नऊ वर्षांच्या सहकाऱ्याला इतर कामांतून सोडवलं आणि डोक्यातले नियम लिहून काढायला बसवलं. तो कुरकुरला, पण त्यानं लिहिलं. मग तिसरी व्यक्ती घेतली, पुन्हा परदेशातूनच. पहिल्या आठवड्यात तिचा एकच प्रश्न आला : चौथा आणि अकरावा नियम एकमेकांच्या उलट आहेत, यातला खरा कोणता? सहकाऱ्यानं दोन्ही वाचले, बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘हे मलाही माहीत नव्हतं.’