रजि. नं. पुढची मोकळी जागा

माझ्या भाचीची एमबीबीएसची इंटर्नशिप गेल्या महिन्यात संपली. आर्मी मेडिकल कोअरच्या शॉर्ट सर्व्हिसला, म्हणजे ठरावीक वर्षांच्या लष्करी नोकरीला, अर्ज करणार म्हणते. घरच्यांची रडारड उरकली आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. गाडी अडलीय भलत्याच ठिकाणी. पोरगी शिकली परराज्यात. परवा फोनवर विचारते, "आत्ये, कायमचा रजिस्ट्रेशन खंयचा घेव गे? हंय लगेच मिळता. महाराष्ट्राचा घेवचा तर कागद फिरवूक होये." तिच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालंय: लष्कराला काय फरक पडतो, जिथं लवकर मिळेल तिथं घेऊन टाक.

लष्कराला खरंच फरक पडत नाही. भरतीला कुठल्याही राज्याच्या मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी चालते. मुलाखतीत ती बघितली की नंतर लखनौचं ट्रेनिंग असो की जम्मू-आसामची पोस्टिंग, "तुमचा नंबर कुठल्या राज्याचा" असं कुणी विचारत नाही. नोकरीत खाजगी प्रॅक्टिस बंदच असते, त्याबद्दलचा भत्ता पगारात मिळतो. म्हणून ते सर्टिफिकेट जातं काळ्या ट्रंकेच्या तळाशी, लोकरी मोज्यांच्या खाली. माझं नऊ वर्षं तिथंच होतं.

मीही ह्या पोरांसारखंच केलं होतं. कॉलेज परराज्यात, नोंदणी तिथलीच, पत्ता हॉस्टेलचा. पुढे नूतनीकरणाची तारीख उलटून गेली आणि मला पत्ताच नाही. चूक शंभर टक्के माझी. पत्ता बदलायला कुणी हात धरला नव्हता.

सर्व्हिस संपवून वेंगुर्ल्याला परत आले. घराच्या पडवीला लागून खोली होती, तीत दवाखाना काढायचं ठरवलं. पेंटर बोलावला. निळ्या पत्र्यावर त्यानं पांढऱ्या अक्षरात नाव काढलं, खाली मेजर (निवृत्त), त्याच्याखाली "रजि. नं." आणि थांबला. जुना नंबर सांगू की नवा येईपर्यंत थांबू, मलाच ठरवता येईना. शेवटी म्हटलं, पाच आकड्यांपुरती जागा सोड.

ती जागा चार महिने तशीच राहिली. आधी जुन्या नोंदणीत जीव ओतायचा, दंड भरायचा. मग तिथली एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे अर्ज, आणि कुडाळहून कोकणकन्येनं रात्रभर बसून मुंबई. दोनदा. लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं हे नशीब, नाहीतर गॅझेटची प्रतही शोधावी लागली असती.

आणि हे सगळं ऐन पावसाळ्यात. शेतात चिखलणी चाललेली, लेप्टोच्या तापाचे दिवस. तापानं फणफणलेला शेजारचा बाबल्या दारात उभा, त्याची आई म्हणतेय, "म्याडम, तुमी मेजर मां? मग एक गोळी लिवन दितास तर काय झाला?" नऊ वर्षं जवानांना तपासलं आणि माझ्याच वाडीत मला चिठ्ठी लिहिता येईना. रिक्षात घालून त्याला सरकारी दवाखान्यात पाठवला. बोगस डॉक्टर शोधणारं पथक त्या दिवसांत आलं असतं तर पहिली मीच सापडले असते, आणि त्यांचं काही चुकलं नसतं.

ग्रुपवरची मुलं कायदा दाखवतात. 1956 च्या जुन्या मेडिकल कौन्सिल कायद्यात होतंच, की राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलं की देशभर प्रॅक्टिस करता येते. आता तर राष्ट्रीय नोंदणीचं पोर्टलही ऑगस्ट 2024 पासून सुरू आहे, प्रत्येकाला एकच ओळख क्रमांक. छान आहे. पण त्या पोर्टलवरचा अर्जसुद्धा तपासायला राज्याच्या कौन्सिलकडेच जातो. शिवाय इथं खाटा टाकायच्या म्हटल्या की 1949 चा नर्सिंग होम कायदा, सोनोग्राफी ठेवायची म्हटली की 1994 चा गर्भलिंगनिदान बंदीचा. प्रत्येक फाइलीत पहिलं पान तेच, रजिस्ट्रेशनचं. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी व्याख्यानं ऐकून जमवायचे 30 क्रेडिट पॉइंट्स. ते जमवायला बर्फातल्या पोस्टिंगवर कुठलं व्याख्यान मिळणार? त्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवायचा.

वर्गमैत्रिणीचा भाऊ अमेरिकेच्या नौदलात डॉक्टर आहे. तिकडे कुठल्याही एका राज्याचं लायसन्स असलं की ड्युटीवर सगळ्या तळांवर चालतं, म्हणून बरेचजण स्वस्त आणि पटकन देणारं राज्य बघतात. त्यानंही तेच केलं. सुट्टीच्या दिवशी तळाबाहेरच्या इस्पितळात काम करायचं ठरवलं तेव्हा त्या राज्याचं वेगळं लायसन्स काढत बसला. म्हणजे घोळ तिथलाही तसाच, फक्त डॉलरमध्ये.

एएफएमसीच्या, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजच्या, मुलांचं बरं असतं. पुण्याचं कॉलेज, नाशिकच्या विद्यापीठाची डिग्री, नंबर आपसूक महाराष्ट्राचा. अर्थात तोच नंबर घेऊन पाटण्याला परतणाऱ्याची कथा माझ्यासारखीच होत असणार. आणि ज्याला तीस वर्षं वर्दीतच काढायचीत त्यानं कुठलाही घ्यावा. पण शॉर्ट सर्व्हिसवाल्यानं पाटी कुठं लावणार ते आधी ठरवावं आणि नोंदणी तिथली घ्यावी. कागद फिरवायला आत्ता तिच्याकडे वेळ आहे, आईबाप धावायला आहेत.

भाचीला एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. पाटीचा फोटो पाठवला. महाराष्ट्राचा नंबर येतो वर्ष, तिरकी रेघ, महिना, तिरकी रेघ आणि मग क्रमांक. सोडलेल्या जागेत तो काही मावेना. पेंटरनं शेवटचे दोन आकडे लाकडी चौकटीवर काढले, तेही जरा वर चढलेले.

दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला: "एनओसीचो फॉर्म ऑनलाईन गावता काय गे?"