पिझ्झा आहे का?

आमच्या डिपार्टमेंटच्या पँट्रीत एक म्हातारा फ्रिज आहे आणि त्याच्या दारावर दर महिन्याला एक पिवळा कागद चिकटतो, वर मोठ्या अक्षरात ‘ग्रॅड स्टुडंट्स : अपकमिंग इव्हेंट्स’ आणि खाली यादी. कॉफी अवर, ट्रिव्हिया नाइट, आईस्क्रीम सोशल, पॉटलक, पंपकिन कार्व्हिंग, योगा. (योगा शिकवणारी मुलगी मिनेसोटाची आहे, ती मला शवासनाचा उच्चार शिकवते, असो.) ज्या इव्हेंटला खायला मिळणार त्याच्यापुढे पिझ्झ्याच्या तुकड्याचं बारीकसं चित्र असतं. मी आधी चित्र शोधते, मग तारीख बघते, आणि इव्हेंट नक्की कसला आहे ते मला साधारण तिथे पोचल्यावर कळतं.

हसू नका. मी डोंबिवलीची, इथे इंडियानात मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या एका युनिव्हर्सिटीत पीएचडी करतेय, आणि आमच्या व्हिसाचा नियम असा की सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करायचं नाही, तेही कॅम्पसवरच. म्हणजे पगार ठरलेला, भाडं ठरलेलं, आणि मधे जे काही उरतं त्याच्याकडे बघून महिन्याच्या पंधरा तारखेनंतर डोळ्यात पाणी यायचं तेवढं बाकी असतं. आई फोनवर विचारते, “नीट जेवतेस ना गं?” मी म्हणते, “हो गं, आज बाहेर जेवले.” बाहेर म्हणजे सेमिनार रूमच्या बाहेर, कॉरिडॉरमधल्या फोल्डिंग टेबलावर.

याची दीक्षा मला नाशिकच्या एका सिनियरने दिली, जो सातव्या वर्षाला आहे आणि ज्याला आता त्याचा गाईडसुद्धा दादा म्हणतो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला बाजूला घेतलं. “हे बघ, टॉक कुठलाही असू दे, आपण शेवटच्या दहा मिनिटांत मागच्या दाराने शिरायचं. थँक यूची स्लाइड आली की उठायचं नाही, ते वाईट दिसतं, पहिला प्रश्न सुरू झाला की उठायचं. व्हेज आधी संपतं कारण नॉनव्हेजवाले पण व्हेजच उचलतात, तेव्हा लाजायचं नाही. आणि डब्याजवळ कोणाशी नजर मिळवायची नाही. मिळवलीस तर रिसर्च सांगावा लागतो.” गेली दोन वर्षं मी यातला शब्द न् शब्द पाळत आलेय, माझ्या गाईडचं पण मी एवढं ऐकत नाही.

पण दादाचं हे शास्त्र टॉकपुरतं. ज्या इव्हेंटच्या नावात ‘सोशल’ आहे तिथे ते फेल जातं, कारण तिथे खाणं हे निमित्त आणि बोलणं हेच काम. आधी तर ते आईस्क्रीम सोशल हे नावच मला झेपलं नव्हतं, आपल्याकडे आईस्क्रीम खायला बोलावलं तर लोक आईस्क्रीम खातात आणि घरी जातात. इथे दारातच एक चिकटणारा कागद आणि मार्कर हातात देतात, नाव लिहा, छातीवर लावा. माझं नाव ‘ज्ञ’ने सुरू होतं. पासपोर्टवर कुठल्या तरी क्लार्कच्या कृपेने ते डी-एन-वाय असं उतरलंय, त्यामुळे समोरचा माणूस माझ्या छातीवरच्या कागदाकडे बघून “डिनाय...” पर्यंत येतो आणि घाबरून थांबतो. डिनाय हा शब्द मी शेवटचा व्हिसाच्या रांगेत ऐकला होता, तो रोज माझ्याच नावात ऐकायचा म्हणजे काय वाटत असेल बघा.

मग गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकाने नाव, डिपार्टमेंट, प्रोनाउन्स आणि एक ‘फन फॅक्ट’ सांगायचा. फन फॅक्ट हा प्रकार शोधणाऱ्याला कोणीतरी तसाच गोलात उभा केला पाहिजे. माझ्या आयुष्यात फॅक्ट भरपूर आहेत, फन कुठे आहे ते मी सहा जणांची पाळी जाईपर्यंत शोधत असते आणि त्या नादात त्या सहाही जणांची नावं कानावरून जातात. पहिल्या वर्षी काहीच सुचेना म्हणून सरळ कामाचं सांगितलं. म्हटलं, मी लष्करी अळीवर काम करते, ही अळी मूळची इकडचीच, अमेरिकेतली, २०१८ साली ती पहिल्यांदा भारतात सापडली, कर्नाटकात, आणि मग आमच्या महाराष्ट्रातल्या मक्याची पण तिने वाट लावली, ती तिकडे आली आणि मी इकडे आले, तर एका अर्थी आमचं एक्स्चेंज झालंय. माझ्या मते हा चांगला जोक होता. पण जोरात सांगायच्या भरात मी त्या अळ्या लॅबमध्ये कशा एकेकट्या डब्यांत पाळाव्या लागतात, कारण एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात, हे पण सांगून बसले आणि समोरच्या मुलाने हातातला मिंट चॉकलेट चिपचा कोन हळूच कचऱ्यात टाकला. त्या अळीचं एक मात्र मला पटतं. तिला थंडी सोसत नाही, इथल्या हिवाळ्यात ती टिकतच नाही, दर उन्हाळ्यात तिचे पतंग दक्षिणेतून नव्याने उडत येतात. तिच्यावर पीएचडी करणारी मी तेवढी डिसेंबरात इथे.

आता भोपळ्याकडे येते, कारण सगळं रामायण तिथेच घडलं.

ऑक्टोबरच्या शेवटी, ३१ला हॅलोवीन म्हणून, पिवळ्या कागदावर ‘पंपकिन कार्व्हिंग’ आणि पुढे पिझ्झ्याचं चित्र. गेले. लॉनवर लांब टेबलं, प्रत्येकापुढे एकेक नारिंगी भोपळा, एक छोटीशी करवत आणि एक मोठा चमचा. करायचं काय, तर वरून टोपी कापायची, आतलं सगळं खरवडून काळ्या पिशवीत टाकून द्यायचं, आणि उरलेल्या रिकाम्या खोक्याला डोळे आणि दात कोरून आत दिवा लावायचा. माझ्या पोटात खड्डाच पडला. आमच्याकडे लाल भोपळ्याची पाव किलोची फोड आणली तरी भाजी होते, उरलं तर भरीत होतं, बिया खिडकीत वाळत पडतात, आणि इथे तीस-पस्तीस अख्खे भोपळे डोळ्यांदेखत रिकामे होत होते आणि आतलं चाललं होतं कचऱ्यात. मला राहवेना. मी उठले, दोन मोठ्या पिशव्या घेतल्या आणि टेबलाटेबलावर फिरून सगळ्यांचं खरवडलेलं गोळा करायला लागले.

तिसऱ्या टेबलावरची एक मुलगी एकदम ओरडली, “ओ माय गॉड, कंपोस्ट! हे आम्हाला कधीच सुचलं नाही!” आणि टाळ्या. खरंच टाळ्या. आता त्या टाळ्यांमध्ये उभं राहून “नाही हो, मी घारगे करणार आहे” असं कोण सांगेल? मी मान डोलावली. कोणीतरी फोटो काढला. एका प्रोफेसरने येऊन हात मिळवला.

घारग्यांचं सांगते. तो दिव्याचा भोपळा खाण्यासाठी वाढवलेला नसतोच, तो नुसता आकारासाठी आणि रंगासाठी, खायचा भोपळा इथे वेगळा मिळतो, छोटा आणि गोड. शिवाय माझ्या पिशव्यांत गर नव्हताच मुळी, आतला धाग्यांचा गुंता होता. हे सगळं मला रात्री साडेअकराला कढईपुढे कळलं. शिजवलं तर पाणीच पाणी. गूळ घातला, अजून पातळ झालं. कणीक घातली, अजून घातली, रूममेटची पण घातली, इंडियन स्टोअरमधून जपून आणलेली गुळाची ढेप संपली, आणि पहाटे दोनला मी जे तळून काढलं ते टेबलावर पडल्यावर उसळत होतं. रूममेट हैदराबादची, तिने एक चावून बघितला, बराच वेळ चावला, आणि “नाइस” म्हणून झोपायला गेली. बिया मात्र फर्स्टक्लास भाजल्या गेल्या, मीठ-तिखट लावून आठवडाभर खाल्ल्या.

आणि पुढच्या सोमवारी ग्रॅड असोसिएशनच्या प्रेसिडेंटने मला लॅबच्या दारात गाठून सांगितलं की ‘सोशल अँड सस्टेनेबिलिटी चेअर’ची जागा रिकामी आहे आणि कमिटीच्या मते त्या जागेला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, एक तर मी कंपोस्टवाली आणि दुसरं म्हणजे दोन वर्षांत एकही इव्हेंट न चुकवलेली मी एकटीच. अटेंडन्स होता हो त्यांच्याकडे! दादाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, “अगं, साइन-इन शीटवर खरं नाव लिहीत होतीस?”

तर आता पिवळा कागद मी छापते.

चेअर झाल्यावर पहिली ट्रिव्हिया नाइट. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे करतात, आईला दरवर्षी नव्याने समजवावं लागतं की आता साडेनऊ नाही साडेदहा तासांचा फरक, आणि संध्याकाळी साडेपाचलाच असा काळोख होतो की लोक उदास होतात, त्यावर उपाय म्हणून प्रश्नमंजुषा. एरवी मी ट्रिव्हियाला कुठल्या तरी टीमच्या कडेला बसून नाचोज खाते. अमेरिकन फुटबॉल, त्यांचे प्रेसिडेंट, त्यांच्या लहानपणच्या कार्टूनमधल्या कुत्र्याचं नाव, यातलं मला ओ की ठो येत नाही. पण या वेळी प्रश्न काढले होते एका ऑस्ट्रेलियन पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडी उरकून पुढचा रिसर्च करणाऱ्याने, आणि शेवटच्या राउंडला, डबल पॉइंटला, तो म्हणाला, “वनडे इंटरनॅशनल क्रिकेटमध्ये पहिलं द्विशतक कोणाचं?”

मी खुर्चीवरून उठलेच. टीमला म्हटलं पेन इकडे द्या. २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर, साउथ आफ्रिका, नाबाद २००, मी तेव्हा शाळेत होते आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते, हे सगळं मी त्या चार अमेरिकन पोरांना श्वास न घेता ऐकवलं, एकाने तर कौतुकाने माझ्यापुढे नाचोजची प्लेट सरकवली. उत्तर लिहिलं सचिन तेंडुलकर, खाली दोन रेघा मारल्या.

उत्तर होतं बेलिंडा क्लार्क. १९९७चा महिला वर्ल्ड कप, डेन्मार्कच्या विरुद्ध, नाबाद २२९. आणि तो पोस्टडॉक खास माझ्याकडे बघून म्हणाला, “इन मुंबई.” मुंबईत! वांद्र्याला, एमआयजीच्या ग्राउंडवर, जिथून माझी आत्या रिक्षाने दहा मिनिटांवर राहते! मी एक तर मुंबईच्या बाजूची, त्यात बाई, त्यात चेअर, आणि हे मला इंडियानात कळतंय. डेन्मार्क क्रिकेट खेळायचं यावर तर मी अजून अडकलेय. घरी फोन करून बाबांना सांगितलं, ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “प्रश्न चुकीचा होता.”

पॉटलकबद्दल थोडक्यात सांगते, कारण जखम ओली आहे. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचं, चेअरने काहीतरी आपल्याकडचं करून आणावं अशी प्रथा, आणि कमिटीतल्या दोघांना शेंगदाण्याची ॲलर्जी, म्हणजे साधी नाही, इंजेक्शन खिशात घेऊन फिरण्याइतकी. मी वही घेऊन बसले. पोहे, दाणे. चिवडा, दाणे. काकडीची कोशिंबीर, कूट. भरली वांगी, कूट. अळूचं फदफदं, त्यात पण दाणे. दाणे काढले तर आपल्या हातात राहतं काय, वरणभात! शेवटी हट्टाने साबुदाण्याची खिचडी बिनदाण्याची केली आणि कूट नसेल तर त्या खिचडीचं काय होतं हे मी आज स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली बाई आहे. एकच गोळा झाला, सुरीने कापून वाढला. एका तैवानी मुलाने (त्यांच्याकडे चहात साबुदाण्यासारख्या गोळ्या घालतात, त्याला बोबा म्हणतात) निरखून बघितलं आणि प्रेमाने विचारलं, “हे बोबा आहे ना? चहा कुठाय?”

आणि मग डिसेंबर. परीक्षांच्या आठवड्यात सगळ्यांना टेन्शन असतं म्हणून इथे थेरपी डॉग्स बोलावतात, म्हणजे शिकवलेले शांत कुत्रे येतात, मालक सोबत असतो, आणि मुलं रांग लावून त्यांच्या अंगावरून हात फिरवतात, मग म्हणे बरं वाटतं. त्यांच्या गळ्यात पण नावाचं कार्ड असतं आणि ते सगळ्यांना वाचता येतं. मी डोंबिवलीत रात्रीच्या शेवटच्या लोकलने उतरून घरापर्यंत कुत्र्यांच्या तीन टोळ्यांमधून चालत गेलेली मुलगी, कुत्रा दिसला की माझा हात आपोआप दगड शोधायला खाली जातो. आणि चेअर म्हणून दारात उभं राहून त्यांचं स्वागत मी करायचं होतं.

पहिलाच जो आला तो सोनेरी, केसाळ, वासराएवढा. त्याने माझ्याकडे बघितलं, शेपटी हलवली, रांगेतली चाळीस मुलं सोडून सरळ माझ्याकडे आला, माझ्या दोन्ही बुटांवर डोकं ठेवलं आणि झोपला. मालकीणबाई, सत्तरीच्या असतील, म्हणाल्या, “सगळ्यात जास्त टेन्शन कोणाला आहे ते त्याला बरोबर कळतं.” मी हलले नाही. वीस मिनिटं हलले नाही, श्वासपण बेताने घेतला, पायाला मुंग्या आल्या, कपाळावरून घाम ओघळला, आणि तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला, ज्यात माझा चेहरा म्हणे फार शांत आलाय. तोच आता जानेवारीच्या पिवळ्या कागदावर मधोमध आहे.

तो मी घरी पाठवला. आईचा लगेच फोन.

“तिकडे कुत्रा चावला तर इंजेक्शन किती डॉलरला गं?”

“चावला नाही गं आई. झोपला होता नुसता.”

“बरं. आणि जेवायला काय होतं?”

“काही नव्हतं. कुत्रे असतात तिथे खाणं नाही ठेवत.”

आई जरा थांबली.

“मग गेलीसच कशाला?”