नाझरमन खडूस नाहीये

परवा एका मैत्रिणीला 'द पॉनब्रोकर' बघायला लावला, तर रात्री तिचा मेसेज, अरे किती खडूस आहे हा माणूस, मला त्याच्याबद्दल काही वाटतच नाहीये. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे म्हणून लिहितोय. (शेवट सांगणार आहे, बघायचा असेल तर आधी बघून या.)

1964 चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा, दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. सोल नाझरमन हा ज्यू माणूस, एकेकाळचा प्राध्यापक, नाझींच्या छळछावणीत बायको गेली, मुलं गेली, हा एकटा उरला. आता न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गहाणवटीचं दुकान चालवतो. स्वतः जाळीच्या आत बसलेला, आणि बाहेरून माणसं घरातलं काय काय घेऊन येतात, मेणबत्त्यांचे स्टँड, अंगठी, बक्षीस मिळालेली वस्तूसुद्धा. हा एका नजरेत किंमत सांगून मोकळा. एक म्हातारा तर काहीतरी फुटकळ वस्तूचं निमित्त करून येतो, त्याला खरं म्हणजे वाचलेल्या पुस्तकांवर कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे असतात, आणि नाझरमन त्याला तेवढंही देत नाही. तो प्रसंग मला मारामारीपेक्षा जास्त लागला.

आता मैत्रिणीचं म्हणणं मला कळतं. आपण धरूनच चालतो की ज्याने एवढं सोसलं तो तावून सुलाखून निघाला असणार, त्याला दुसऱ्याचं दुःख लगेच कळणार. का पण? म्हणजे आधी त्याचं सगळं घरदार मारायचं आणि वर त्याने चांगलं माणूसही होऊन दाखवायचं? नाझरमनचं मन मेलेलं नाहीये हो, त्याने ते मुद्दाम दाबून ठेवलंय, कारण एक धागा जरी सुटला तर सगळंच अंगावर येणार हे त्याला पक्कं माहितीय.

आणि येतंच. जुनं आठवताना सिनेमात कसं निवांत धूसर वगैरे होतं, तसं इथे नाही. रस्त्यात कुत्री भुंकतात, एक पोरगा तारेच्या कुंपणापाशी मार खातोय, आणि मध्येच छावणीचं कुंपण डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसतं आणि जातं, परत येतं, दर वेळी थोडं जास्त वेळ टिकतं. एक बाई अंगठी विकायला येते की लगेच तिकडे तारेवर ओळीने हात आणि त्यातून काढून घेतल्या जाणाऱ्या अंगठ्या. भुयारी रेल्वेच्या डब्यात तो उभा असतो, आजूबाजूचे चेहरे बघता बघता मालगाडीत कोंबलेली माणसं होतात, त्याच्या अंगाखांद्यावरचं पोर खाली घसरतं आणि त्या गर्दीत त्याला वाकताही येत नाही. मी तिथे पॉज करून पाणी प्यायलो.

रॉड स्टायगरने चाळिशीच्या आत हा म्हातारपणाकडे झुकलेला माणूस उभा केलाय. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला अभिनयाचं बक्षीस मिळालं, ऑस्करला नामांकनावर भागलं. एक समाजसेविका आपल्या घरी बोलता बोलता त्याच्याकडे हात पुढे करते, तो हात तसाच राहतो आणि हा निघून जातो, तिथे त्याचा चेहरा बघा, खडूसपणा कुठे दिसतोय सांगा मला.

आणि ऑर्टिझ. दुकानात कामाला असलेला उमदा पोरगा, याला गुरू मानणारा, धंदा शिकायचाय त्याला. त्याला नाझरमन तोंडावर सांगतो की तू माझा कुणी नाहीस. तो दुखावला जातो आणि दरोडा घालणाऱ्यांना जाऊन मिळतो, पण प्रत्यक्षात गोळी सुटते तेव्हा तोच मध्ये येतो. याच्यासाठी.

रस्त्यावर पडलेल्या त्या पोराजवळ नाझरमन बसतो, तोंड पूर्ण उघडतो, ओरडतो, आणि आवाजच येत नाही. मग आत जातो, गहाणाच्या पावत्या टोचून ठेवायचा जो खिळा असतो ना टेबलावर, सिनेमाभर दिसत असतो, त्यावर तळहात ठेवतो आणि दाबत जातो, सावकाश, आरपार. मैत्रिणीला मी एवढंच लिहिलं की तो सीन परत बघ, तिथे त्याला दुखतंय, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.