सरासरी 5 मायक्रोसेकंद, तरी रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' का?

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आक्षेप दोन आहेत. साध्या लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) दहा मिनिटं सायक्लिकटेस्ट ही उशीर मोजणारी चाचणी चालवली, सरासरी लेटन्सी (जाग यायला होणारा उशीर) 5 मायक्रोसेकंद आली, मग ठरलेल्या वेळेत काम करायला लावणाऱ्या रिअल-टाइम (आरटी) कर्नलचा खटाटोप कशाला, हा पहिला. आरटीमुळे मशीन मंदावतं, हा दुसरा. दुसरा बऱ्याच अंशी बरोबर आहे. पहिला मला अजिबात पटत नाही.

तुम्ही घरी ऑडिओ रेकॉर्ड करता, म्हणून हिशेब त्याचाच करू. 48,000 हर्ट्झ आणि 64 फ्रेमचा बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) धरला, तर ऑडिओ थ्रेडला (प्रोग्रॅमच्या आवाज हाताळणाऱ्या भागाला) दर 1.33 मिलिसेकंदाला जाग यायला हवी. सेकंदाला 750 वेळा, तासाला 27 लाख वेळा. त्यातली लाखात एक खेप 2 मिलिसेकंद उशिरा आली, तर सरासरी वाढते ती मायक्रोसेकंदाच्या पन्नासाव्या भागाने. 5 चे 5च राहतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तासाभरात 27 ठिकाणी 'टक्' वाजतं. म्हणून सायक्लिकटेस्टच्या निकालाच्या ओळीतला शेवटचा, 'मॅक्स'चा (सर्वांत मोठ्या उशिराचा) आकडा आधी बघायचा. नेमका तोच तुम्ही दिलेला नाही.

शिवाय चाचणीवेळी तुमचं मशीन मोकळं होतं. डिस्क, नेटवर्क, ग्राफिक्स सगळं कामाला लावून, हॅकबेंच किंवा स्ट्रेस-एनजी असे ताण देणारे प्रोग्रॅम सोबत चालवून तासन्‌तास मोजल्याशिवाय मॅक्सला काही अर्थ नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: सायक्लिकटेस्ट चालू असेपर्यंत प्रोसेसरला गाढ सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणाऱ्या झोपेत) जाऊच देत नाही. तुमचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ही काळजी घेतंच असं नाही. 'लॅपटॉप' हा पर्याय देऊन तीच चाचणी पुन्हा करा, फरक दिसेल.

उशीर झाला हे कळलं, तरी कुणामुळे झाला हे कळायला हवं. त्यासाठी कर्नल 5.14 पासून टाइमरलॅट हा ट्रेसर (कर्नलच्या आत काय चाललंय ते नोंदवणारं साधन) आहे. डॅनियल ब्रिस्टॉट दि ऑलिव्हेरा यांचं हे काम, आणि माझ्या मते या क्षेत्रातलं गेल्या काही वर्षांतलं सर्वांत उपयोगी. टाइमरचा इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा हार्डवेअरचा इशारा) किती उशिरा आला आणि त्यानंतर थ्रेड किती उशिरा धावला, हे तो वेगवेगळं दाखवतो. पहिला आकडा मोठा असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी इंटरप्ट बंद करून बसलंय किंवा प्रोसेसर झोपला होता. दुसराच मोठा असेल, तर प्रीएम्प्शन (चालू काम थांबवून तातडीचं काम हाती घेणं) अडलंय किंवा मधे दुसरे इंटरप्ट घुसलेत. दोष बायोसच्या एसएमआयचा (कर्नलला न विचारता बायोस प्रोसेसर ताब्यात घेतं, त्या इंटरप्टचा) असेल, तर कर्नल बदलून काहीही होणार नाही. तो एचडब्ल्यूलॅट या दुसऱ्या ट्रेसरने पकडायचा.

इंटरप्ट बंद राहण्याचं एकच उदाहरण देतो. सिरीयल कन्सोल (कर्नलचे संदेश एकेक बिट करून बाहेर पाठवणारी जोडणी) 115200 बॉडवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटच्या वेगावर असेल, तर एक अक्षर जायला सुमारे 87 मायक्रोसेकंद लागतात. 80 अक्षरांच्या ओळीला जवळपास 7 मिलिसेकंद. जुन्या पद्धतीत प्रिंटके हे कर्नलचे संदेश छापणारं फंक्शन ती ओळ इंटरप्ट बंद ठेवून छापायचं, म्हणजे कुठल्याशा ड्रायव्हरच्या एका इशाऱ्यापायी तुमचे पाच बफर गेले! आरटीचं काम 2004-05 च्या सुमारास सुरू झालं आणि ते मुख्य कर्नलमध्ये आलं थेट नोव्हेंबर 2024 च्या 6.12 मध्ये. शेवटपर्यंत अडून राहिलेला मोठा भाग हाच प्रिंटके होता.

आता मंदावण्याबद्दल. आरटीमध्ये बहुतेक स्पिनलॉक (प्रोसेसरला जागच्या जागी वाट पाहायला लावणारी कुलपं) झोपू शकणारे होतात, इंटरप्टचं काम थ्रेडमध्ये जातं, कॉन्टेक्स्ट स्विच (एका कामावरून दुसऱ्यावर जाणं) वाढतात. त्याची किंमत थ्रूपुटमध्ये (एकूण उरकणाऱ्या कामात) मोजावी लागते. दिवसभर कोड कंपाइल करणाऱ्या सर्व्हरवर मी आरटी घालणार नाही.

तुम्हीही लगेच आरटीकडे वळू नका. बूट ओळीत (कर्नलला सुरू होताना मिळणाऱ्या पर्यायांत) 'प्रीएम्प्ट' फुल करा, इंटरप्टचं काम थ्रेडमध्ये नेणारं 'थ्रेडआयआरक्यूज' जोडा, ऑडिओ थ्रेडला शेड-फिफोची (इतर साध्या कामांच्या आधी धावायची) प्रायॉरिटी द्या. मग रेकॉर्डिंग चालू ठेवून आरटीएलए या कमांडमधून टाइमरलॅट चालवा, मर्यादा 500 मायक्रोसेकंदांची. मर्यादा ओलांडली की ते थांबेल आणि कोण आडवं आलं ते सांगेल. तो स्टॅक ट्रेस (अडथळा कुठल्या कोडमधून आला त्याची यादी) इथेच चिकटवा, म्हणजे आरटी लागेल की नुसता एखादा ड्रायव्हर बदलून भागेल, ते बघता येईल.