पेवाचं तोंड उघडेना म्हणून हळद गेली?

सांगली-मिरजेतल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘अपडेटनंतर लिनक्स सर्व्हर उठला नाही तर रात्र घालवू नका. डेटा गेलेलाच असतो. फॉरमॅट मारा, नवीन टाका आणि परत कधी अपडेट करू नका.’ मार्केट यार्डातल्या एका अडत्यांनी हाच मेसेज माझ्यापुढे धरला. त्यांचाही सर्व्हर अपडेटनंतर उठत नव्हता. हळदीचे सौदे झालेले, हिशेबाच्या पट्ट्या निघेनात, शेतकरी पायरीवर बसून.

‘डेटा गेलेलाच असतो’? स्क्रीनवर कर्नल पॅनिक होतं, म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नल) चालू होतानाच अडकून थांबलेला. रूट, म्हणजे सगळी सिस्टिम जिथं असते तो डिस्कचा भाग, माउंट होत नाही (जोडला जात नाही), आणि ‘अननोन ब्लॉक’च्या पुढे कंसात दोन शून्यं. ती बघून डिस्क मेली असं वाटतं. पण त्या शून्यांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर ज्यात असतात ती इनिट्रॅमएफएस फाइल कर्नलला मिळाली नाही. इथं बूट पार्टिशन, म्हणजे कर्नल आणि ही फाइल ठेवायचा डिस्कचा वेगळा कप्पा, होतं ५१२ एमबीचं. जुन्या कर्नलांनी ते गच्च भरलेलं, नवी फाइल अर्धी लिहून जागा संपली. हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवाचं तोंड उघडेना म्हणून आतली हळद गेली, असं सांगलीजवळच्या हरिपुरात कुणी म्हटलं असतं का?

‘नवीन टाका’ तर त्याहून घाईचं. अपडेट नवा कर्नल टाकतं तेव्हा आधीचा सहसा ठेवतं. चालू होताना शिफ्ट दाबून धरली (मशीन नव्या पद्धतीच्या यूईएफआय फर्मवेअरचं असेल तर एस्केप), ग्रबच्या, म्हणजे कर्नल चालू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेन्यूत अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन जुना कर्नल निवडला, आणि सर्व्हर उठला. मग नको ते कर्नल काढले, इनिट्रॅमएफएस नव्यानं बनवली. चहा येईपर्यंत पट्ट्या सुरू.

जुना कर्नलही उठला नाही तर लाइव्ह यूएसबी, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स. रूट माउंट करा, त्यावर बूट पार्टिशन, मग डेव्ह, प्रॉक, सिस हे सिस्टिमचे फोल्डर जोडून सीएचरूट (म्हणजे पेनड्राइव्हवरून डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरायचं). बूट पार्टिशन जोडायला विसरलात तर दुरुस्त फाइल रूटमधल्या रिकाम्या बूट फोल्डरात जाऊन पडते आणि रिबूटला तोच पॅनिक. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय. लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी असेल आणि ती झेडएफएस या फाइल सिस्टिमवर असेल तर एवढंही नको, चालू होतानाच्या लोडर मेन्यूतून अपडेटआधीचं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची जपून ठेवलेली आधीची स्थिती) निवडता येतं.

अपडेटच नको, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. जुलै २०२० मध्ये ग्रबच्या ‘बूटहोल’ दोषावरची दुरुस्ती बसवल्यावर रेड हॅट आणि सेंटओएस या लिनक्सची कित्येक मशीन खरोखर उठेनात. पण तिथंही रेस्क्यू मोडमधून आधीची ग्रब आणि शिम (ग्रबच्याही आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) ही पॅकेजं परत टाकून काम झालं, फॉरमॅट लागला नाही. आणि पुष्कळदा अपडेट नुसतं बदनाम होतं. वर्षभर बंद न केलेला सर्व्हर त्यानिमित्तानं पहिल्यांदा रिबूट होतो, आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये, कधीच काढून नेलेल्या डिस्कची ओळ असते. दीड मिनिट वाट बघून सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये, नुसत्या दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जातो. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, म्हणजे ती वाचली जात नाही, झालं.

एका ठिकाणी मात्र हात आवरायचा. स्क्रीनवर डिस्कच्याच आय-ओ एररच्या (वाचता-लिहिता न येण्याच्या) ओळी पडत असतील तर ना रिबूट, ना एफएसचेक (फाइल सिस्टिमची तपासणी-दुरुस्ती). आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं दुसऱ्या डिस्कवर इमेज, म्हणजे पूर्ण नक्कल, घ्या, आणि पुढची खटपट त्या इमेजवर करा.