सही माझी, जाब त्याचा

भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे. तीन पाळ्यांत मिळून २२ माणसं. गेल्या वर्षी वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो होतो. आमच्या वाडीत रेंज नसते. सकाळी फाट्यावर आलो तेव्हा फोनवर नाईटच्या सुपरवायझरचे १७ मिस्ड कॉल.

रात्री इन्सर्ट, म्हणजे धातू कापणाऱ्या टूलच्या टोकाला बसवायचे, झिजले की बदलायचे छोटे तुकडे, संपले होते. नवा डबा स्टोअरच्या कपाटात, किल्ली स्टोअरवाल्याच्या खिशात आणि स्टोअरवाला जागेवर हजर. तरी दोन व्हीएमसी, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन, रात्री १ पासून सकाळी ७ पर्यंत उभ्या. का? तर माझ्या सहीशिवाय इन्सर्ट द्यायचा नाही, असा नियम होता. तो मीच केलेला. मध्यंतरी इन्सर्ट फार गहाळ व्हायला लागले होते, म्हणून.

आल्या आल्या मी स्टोअरवाल्यावर ओरडलो. त्याने काही न बोलता रजिस्टर उघडून पहिलं पान समोर धरलं. माझंच अक्षर, खाली माझीच सही. सुपरवायझर शेजारी उभा होता. अकरा वर्षं माझ्याकडे आहे, कधी आवाज चढवून बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "साहेब, २०० रुपयांचा इन्सर्ट मला काढता येत नाही, पण डिस्पॅच चुकला की जाब मलाच द्यावा लागतो." ते वाक्य मला दिवसभर सोडत नव्हतं.

बारावी कॉमर्सला ज्यांनी हेन्री फेयॉलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं पाठ केली त्यांना नाव आठवेल. हा माणूस प्राध्यापक नव्हता, खाण इंजिनिअर होता. १८६१ साली फ्रान्समधल्या कोमांत्रीच्या कोळसा खाणीत असताना एका घोड्याचा पाय मोडला. त्याने दुसरा घोडा मागवायला चिठ्ठी लिहिली. तबेल्यावरच्या माणसाने घोडा दिला नाही. चिठ्ठीवर डायरेक्टरची सही नव्हती, डायरेक्टर जागेवर नव्हता आणि त्याच्या जागी कुणाला नेमलेलंही नव्हतं. फेयॉलने हे वहीत टिपून ठेवलं. पुढे १८८८ मध्ये तीच कंपनी डबघाईला आली असताना तिची सूत्रं त्याच्याकडे आली आणि त्याने ती सावरली. तत्त्वं छापून आली १९१६ साली. अधिकार आणि जबाबदारी बरोबरीने चालली पाहिजे, हे त्यातलंच एक. शाळेत दोन मार्कांसाठी लिहिलं होतं. अर्थ कळायला माझ्या दोन मशीन रात्रभर उभ्या राहाव्या लागल्या.

आमच्याकडे आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या सर्टिफिकेटच्या वेळी केलेला चौकटींचा तक्ता ऑफिसच्या भिंतीवर आहे. त्यात सुपरवायझरची चौकट बरोबर माझ्याखाली आहे. पण कारखाना त्या तक्त्यावर चालत नव्हता, माझ्या मोबाईलवर चालत होता. पट्ट्यातल्या बऱ्याच शॉपमध्ये मी हेच बघतो. चांगला सेटर, म्हणजे मशीनवर जॉबची सेटिंग लावणारा, असतो, त्याला सुपरवायझर करतात, पगारात थोडी वाढ देतात आणि हातात काहीच देत नाहीत.

आता ५,००० रुपयांपर्यंतचं टूलिंग, म्हणजे इन्सर्टसारखं कापायचं सामान, माझा सुपरवायझर स्वतःच्या सहीने काढतो. पहिला पीस पास करायचा की नाही, मशीन थांबवायची की नाही, त्याच्या पाळीतली रजा, सगळं तोच ठरवतो. इन्सर्टचा हिशेब महिन्याच्या शेवटी एकदा बघतो आम्ही दोघं. गहाळ व्हायचं प्रमाण वाढलेलं नाही.

सही देणं सोपं गेलं. स्वतःचं तोंड आवरणं फार जड गेलं. एका दुपारी मी शॉपमध्ये शिरलो आणि ऑपरेटरला थेट म्हणालो, "हा जॉब उतरव, तो दुसरा अर्जंट लाव." त्या पोराचा हात क्लॅम्पच्या नटावर होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या खांद्यावरून मागे, सुपरवायझरकडे बघितलं. सेटिंग लावायला त्याचे दोन तास गेले होते आणि ५० पैकी १२ पीसच झाले होते. एका माणसाला हुकूम एकाचाच, हेही फेयॉलचंच. मी मागे फिरलो, सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं. तो म्हणाला, "उरलेले ३८ काढू, मग लावू. संध्याकाळच्या गाडीला दोन्ही जातील." गेले.

पगारवाढ अजून मीच ठरवतो. कोणाला किती द्यायची, यावर त्याचं मत निदान विचारावं, असं तो परवा शनिवारी येऊन सांगून गेला. बरोबर आहे त्याचं. कोण राबतं आणि कोण मशीनच्या आडोशाला मोबाईल बघतं, हे रात्री ३ वाजता त्यालाच दिसतं. यंदा दिवाळीआधी यादी घेऊन आम्ही दोघं बसणार आहोत.